उत्तर उशिरा देणारे काम

फौंड्रीच्या, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतून भाग घडवण्याच्या, धंद्यात चाळिशीच्या आसपास पोहोचलेल्या अभियंत्यापुढे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो सहसा बढतीच्या बोलण्यात गुंडाळून येतो. भट्टी, वाळू आणि साचे यांच्यातच राहून तिथला प्रमुख व्हायचे, की शॉपवरून उठून क्वालिटी सिस्टीम्स विभागात जायचे? पहिल्या जागी लोखंड कसे ओतायचे ते आपण रोज उभे राहून ठरवतो. दुसऱ्या जागी, आपण तिथे नसतानाही ते नीट ओतले जावे म्हणून कार्यपद्धती लिहितो, नोंदी तपासतो, ऑडिटला सामोरे जातो आणि एकदा गेलेला दोष पुन्हा का आला याचा छडा लावत बसतो. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या आमच्या कारखान्यात हा पर्याय माझ्यापुढे ठेवला गेला, तेव्हा दोन्ही जागांचा पगार जवळजवळ सारखाच होता. त्यामुळे घरच्या जबाबदाऱ्यांकडे बोट दाखवून निर्णय पैशावर ढकलण्याची सोय उरली नव्हती.

भट्टीजवळच्या कामाचे सर्वांत मोठे सुख हे की ते लगेच उत्तर देते. इंडक्शन भट्टीतला रस साच्यांकडे नेण्याआधी चिल टेस्टची छोटी पाचर ओततात, गार करून मोडतात आणि मोडलेल्या तोंडावरचा पांढरा पट्टा किती रुंद आहे ते पाहतात. पट्टा रुंद असेल तर लोखंडातला कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात पुरेसा सुटलेला नाही, कास्टिंगच्या, म्हणजे ओतून झालेल्या भागाच्या, पातळ कडा पांढऱ्या व कडक होणार आणि मशीन शॉपमध्ये टूल तुटले की तिथला फोरमन आपल्या नावाने खडे फोडणार, हे सगळे त्या तुकड्यावरून काही मिनिटांत कळते. मग कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवून कार्बन इक्विव्हॅलंट काढायचा आणि ४.३ या आकड्याच्या, म्हणजे लोखंड सर्वांत कमी तापमानाला गोठते त्या प्रमाणाच्या, आपण किती खाली आहोत ते पाहायचे. ग्रॅफाइट सुटायला मदत करणारा फेरोसिलिकॉनचा इनॉक्युलंट टाकायचा, आणि टाकल्यावर गप्पा मारत उभे राहायचे नाही, कारण त्याचा गुण मिनिटागणिक उतरत जातो. १४०० अंशांच्या आसपासचा रस साच्यात पडताना धार तुटली तर दोन प्रवाह एकजीव होत नाहीत आणि शिवणीसारखी रेघ राहते. साचे थंड झाले की नॉकआउटवर ते फुटतात, वाळू झडते, आणि आपण घेतलेला निर्णय योग्य होता की नाही ते समोर पडलेले कास्टिंग कोणाची भीडभाड न ठेवता सांगते.

पावसाळ्यात हे सांगणे अधिक तिखट होते. सांगलीत स्वतःचा पाऊस बेताचाच. पण जुलै-ऑगस्टची दमट हवा कोअरमध्ये, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवण्यासाठी साच्यात ठेवतात त्या वाळूच्या गाभ्यात, शिरायला तेवढी पुरते. ओल धरलेल्या कोअरवर तापलेला रस आला की तिची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच अडकते आणि ब्लो होल तयार होते. हा दोष पुष्कळदा वरून दिसतही नाही. पंपाच्या बॉडीवर मशीनिंगचा दुसरा कट बसल्यावर आतली पोकळी उघडी पडते, तोपर्यंत त्या नगावर सगळ्यांची मजुरी खर्च झालेली असते. अशा वेळी कोअर ओव्हनपासून वाळू मळणाऱ्या मिलपर्यंत धावत जाऊन, दोन-चार गोष्टी बदलून, पुढच्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या पुढच्या घाण्याचे, नग स्वच्छ काढून दाखवणे यात जो आनंद आहे, त्याला तोड नाही. शॉपवरची माणसे त्या दिवशी आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. तो मान कोणत्याही पदाने मिळत नाही, हे मी जाणून होतो, आणि तो सोडायची माझी तयारी नव्हती.

या भागात हाताच्या कामाचा मान तसा जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना उभारला, आणि लोखंडाने जमीन नासते अशी शंका घेणाऱ्या शेतकऱ्यांना लोखंडी नांगर वापरायला लावला, ही गोष्ट आमच्याकडे शाळेपासून कानावर पडते. त्या गोष्टीत आपल्याला नेहमी कर्तबगार हात दिसतात. मला मात्र अलीकडे तिच्यातला फाळ दिसतो. फाळ झिजतो, तो बदलावा लागतो, आणि शेतकऱ्याने घेतलेला दुसरा फाळ ठोकाठोकी न करता पहिल्याच्या जागी बसला पाहिजे. एक उत्तम नांगर घडवणे हे कुशल लोहाराचे काम आहे. पुष्कळ नांगर असे घडवणे, की कोणाचाही फाळ कोणाच्याही नांगराला बसावा, हे एकट्या कुशल माणसाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी ड्रॉइंग लागते, गेज लागते, तपासणी लागते आणि ती रोज तशीच करणारी शिस्त लागते. कारखाना आणि लोहाराचे दुकान यांच्यातला फरक भट्टीच्या आकाराचा नसून या शिस्तीचा आहे. तरीही शिस्तीचे काम करणाऱ्याला आपण कागदी घोडे नाचवणारा म्हणतो. मी सिस्टीम्समध्ये जाण्याचा विचार करतो आहे हे कळल्यावर साचे बनवणारे आमचे एक जुने मोल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, सगळ्यांसमोर म्हणाले, "काय साहेब, आता साच्यात कागदं ओतणार व्हय?" हसलो खरा, पण ते वाक्य काही दिवस मनातून गेले नाही.

माझे मत फिरले ते वाळूच्या मिलजवळ. हिरव्या वाळूत, म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी यांच्या मिश्रणात, पाण्याचे प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या दरम्यान राखावे लागते. कमी झाले तर साच्याच्या कडा झडतात, जास्त झाले तर वाफ वाढते. आमच्या मिलवर जे अण्णा होते, त्यांच्यासारखा जागरूक माणूस शोधून सापडला नसता. प्रयोगशाळेतला मुलगा दर अर्ध्या तासाने ओलाव्याचा आकडा आणून देई; आकडा जरा वर असला की अण्णा पुढच्या बॅचला तेवढे पाणी कमी करीत आणि खाली असला की वाढवीत. आम्ही सगळेच त्यांच्या या दक्षतेचे कौतुक करीत असू. तरीही वाळू काही एका जागी राहत नव्हती.

या गोष्टीचे स्पष्टीकरण फार पूर्वी देऊन झालेले आहे. १६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत वॉल्टर श्यूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले, त्यात आज ज्याला कंट्रोल चार्ट म्हणतात त्याची पहिली आकृती होती. म्हणणे एवढेच, की कोणत्याही कामात काही चढउतार अंगभूत असतात, त्यांना वेगळे असे कारण नसते. आणि काही चढउतार खरोखर काहीतरी बिघडल्यामुळे येतात. पहिल्या प्रकाराला दुसरा समजून आपण हात घातला तर काम सुधारत नाही, बिघडते. श्यूहार्ट यांचा विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग, ज्यांनी १९५० मध्ये जपानमधल्या अभियंत्यांना आणि उद्योगपतींना हेच शिकवले, ते नरसाळे आणि गोटी घेऊन हा मुद्दा दाखवीत. नरसाळे खुणेवर स्थिर धरून गोट्या सोडत राहिले तर त्या खुणेभोवती एका मर्यादेत पडतात. प्रत्येक गोटी जितकी चुकली तितके नरसाळे उलट दिशेला सरकवत गेले, तर मात्र गोट्यांचा फैलाव कमी होण्याऐवजी सुमारे १.४१ पट होतो. हे गणिताने सिद्ध होते, त्यात मत-मतांतराला जागा नाही. अण्णा दर अर्ध्या तासाला नरसाळे सरकवत होते.

मी जुन्या नोंदी काढून आलेख मांडला, दोन सीमारेषा आखल्या आणि अण्णांना विनंती केली, की आकडा या दोन रेषांच्या आत असेल तोवर पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. बाहेर गेला तर मात्र मिल थांबवून मला बोलवायचे. काही पाळ्या गेल्यावर वाळू खरोखरच आवरली, आणि ब्लो होलचे रिजेक्शनही उतरले. परंतु अण्णा नाराज होते. "मग मी काय नुस्तं बघत बसायचं व्हय?" असे त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आलेख मांडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यांची तक्रार रास्त होती. मी त्यांच्याकडून त्यांच्या कामाचे तत्काळ उत्तर काढून घेतले होते. व्हॉल्व्ह फिरवला की पुढचा आकडा बदलतो, यात कर्तेपणाची जी खूण होती ती गेली, आणि तिच्या जागी मी त्यांना महिनाअखेरच्या रिजेक्शनचा एक आकडा देऊ करीत होतो, ज्यात त्यांचा वाटा किती हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येणार नव्हते.

दोन्ही भूमिकांमधला खरा फरक मला तिथे दिसला. हात काळे करणे आणि पांढऱ्या कागदावर लिहिणे हा वरवरचा भेद आहे. एका कामाला उत्तर लवकर मिळते आणि ते कधीकधी फसवे असते. दुसऱ्याला उशिरा मिळते, पुष्कळांच्या वाट्याचे एकत्र मिळते आणि बऱ्याचदा ते उत्तर म्हणजे काहीच न घडणे असते. एखादे ब्लो होल झाले नाही, एखादा लॉट परत आला नाही, रात्रपाळीला कोणी फोन केला नाही. न घडलेल्या गोष्टीचे श्रेय कोणी मागायला गेला तर लोक त्याला हसतात. जो माणूस दिवसभराच्या श्रमाची पावती संध्याकाळपर्यंत हातात पडली नाही तर अस्वस्थ होतो, त्याने सिस्टीम्समध्ये जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो वाईट अभियंता असतो असे नव्हे. तो तिथे गेला तर पावतीच्या ओढीने नवनवे फॉर्म काढत राहील, कारण फॉर्म ही त्या खोलीत लगेच हाती लागणारी एकमेव वस्तू आहे.

कागदी घोड्यांची पैदास नेमकी अशी होते. गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ ९००१ हे मानक प्रथम १९८७ मध्ये आले, आणि सुरुवातीच्या काळात त्याने लेखी कार्यपद्धतींवर भर दिला हे खरे. पण २००० च्या आवृत्तीत सक्तीच्या लेखी कार्यपद्धती सहावर आल्या, आणि २०१५ च्या आवृत्तीने तर क्वालिटी मॅन्युअल असलेच पाहिजे ही अटही काढून टाकली. तरीही कितीतरी कारखान्यांत ते जाडजूड मॅन्युअल अजून कपाटात आहे, दरवर्षी त्याच्या पहिल्या पानावरची तारीख बदलली जाते आणि ऑडिटर येण्याच्या आदल्या आठवड्यात महिन्याभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरल्या जातात. अशा ठिकाणी मामांचे वाक्य शंभर टक्के खरे आहे. कार्यपद्धती ऑडिटरसाठी लिहिली की ती मेली. ती तिसऱ्या पाळीत, पहाटे साडेतीनला, नवीन लागलेल्या पोरासाठी लिहायची असते. त्याला वाचायला वेळ नसतो, हातमोजे घातलेले असतात आणि विचारायला जवळपास कोणी नसते. त्याच्यासाठी जे लिहिले जाते ते सहसा एका पानाच्या वर जात नाही. ते एक पान लिहायला मात्र फौंड्रीतली बरीच वर्षे खर्ची पडलेली असावी लागतात.

अर्थात सगळेच लिहिता येते असा माझा दावा नाही. मिरजेतल्या सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी काढताना मी पाहिली आहे. घोडीचा माथा कानसेने अगदी किंचित घासायचा, तार लावायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, झंकार ऐकायचा आणि पुन्हा घासायचे. कधी थांबायचे हे फक्त कान ठरवतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला संरक्षण आले. जवारी कशी काढावी हे त्याने कोणाला शिकवता येणार नाही. त्यासाठी कारागिराशेजारी बसूनच कान तयार करावा लागतो. फौंड्रीतही अशा जागा आहेत. मामा वाळू मुठीत दाबतात, मूठ उघडतात, ढेकळावर उमटलेले बोटांचे ठसे पाहतात, ते मोडून त्याच्या कडा पाहतात आणि वाळू चालेल की नाही ते सांगतात. प्रयोगशाळेतल्या कॉम्पॅक्टॅबिलिटीच्या, म्हणजे वाळू दाबल्यावर किती खाली बसते त्याच्या, चाचणीशी त्यांचा निर्णय इतक्या वेळा जुळतो, की आता मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. सिस्टीम्समधल्या माणसाची खरी पारख इथे होते. जे लिहिता येत नाही ते लिहिल्याचा आव न आणता, त्या जागी "मामांना दाखवून घ्या" असे सरळ लिहिण्याचे धैर्य त्याच्यात हवे. मी ते एका कार्यसूचनेत लिहिले, तेव्हा ऑडिटरने भुवया उंचावल्या. मामा निवृत्त झाल्यावर काय करणार, असे त्याने विचारले. प्रश्न बरोबर होता, आणि त्यामुळेच मामांच्या हाताखाली दोन मुले शिकायला ठेवण्याची मंजुरी व्यवस्थापनाकडून मिळाली, जी माझ्या तोंडी विनवण्यांनी मिळत नव्हती.

ज्या गावात आपण कार्यपद्धतीला हसतो, त्याच गावात तिच्यावर जिवापाड विश्वासही ठेवतो, हे मला नेहमी गमतीचे वाटते. पावसाळ्यात सांगलीत कोणालाही विचारा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी तो फुटांत सांगेल. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येते, दुकानातला खालचा माल कधी उचलायचा, गाडी कधी उंचावर नेऊन लावायची, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे कधी पोहोचवायचे, याचा हिशेब घरोघरी पक्का आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा २००५ च्या खुणांवर विसंबलेले पुष्कळ हिशेब कोलमडले आणि लोकांनी ते नव्याने मांडले. सुधारित आवृत्ती म्हणतात ती हीच. इथे कोणी ऑडिटर नाही, सही-शिक्का नाही, तरी पद्धत पाळली जाते, कारण ती पाळणाऱ्यानेच ठरवलेली आहे आणि ती चुकली तर भिजणारा माल त्याचाच आहे. कारखान्यातली कार्यपद्धती इतकी आपली का वाटत नाही, या प्रश्नावर सिस्टीम्समधल्या माणसाने डोके चालवावे. फॉर्मचा नमुना सुबक करण्यात फारसे काही नाही.

शॉप सोडण्याची किंमतही आहे, आणि ती हळूहळू वसूल होते. भट्टीपासून दूर गेलेल्या माणसाचे ज्ञान पहिली दोन-तीन वर्षे टिकते. मग वाळू बांधून धरणारा नवा बाइंडर येतो, भट्टीचे लायनिंग बदलते, शिकवून तयार केलेली माणसे दुसरीकडे जातात आणि आपण जे सांगतो ते ऐकीव होऊ लागते. शॉपवरची माणसे तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त विचारायला येणे बंद करतात. म्हणून पंचविशीत, कॉलेजातून बाहेर पडताच, थेट ऑडिट आणि डॉक्युमेंटेशनची नोकरी धरणाऱ्या मुलांविषयी मला काळजी वाटते. त्यांच्याजवळ शिळे होण्यासाठीसुद्धा काही साठलेले नसते. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भाच्यानेही मला विचारले होते, "मामा, कोड लिहीत राहू, की प्रोसेसकडे वळू?" त्याच्या कामातले मला फारसे कळत नाही. पण तू लिहिलेला कोड मोडला तर तुला किती वेळात कळते, आणि तुझ्या साहेबाने आखलेली पद्धत मोडली तर त्याला किती महिन्यांनी कळते, हे मी त्याला विचारले, आणि त्यांतली कोणती वाट बघणे तुला झेपेल तेवढेच बघ म्हणालो. त्याने कोड लिहीत राहायचे ठरवले. मला वाटते, त्याच्या स्वभावाला तेच बरोबर आहे.

मी सिस्टीम्समध्ये गेलो. जाताना एक अट घातली, की रोजची पहिल्या पाळीची सुरुवात मी शॉपवर करेन आणि त्या वेळात कोणतीही मीटिंग लावली जाणार नाही. ही अट सगळ्यांना किरकोळ वाटली म्हणून मान्य झाली. ती टिकवणे हे मात्र माझ्या कामातले सर्वांत कष्टाचे काम ठरले आहे, कारण ग्राहकाचा माणूस, वरिष्ठांचा फोन, तातडीचा अहवाल हे सगळे नेमके त्याच वेळी येतात. तिथे मी सूचना देत नाही. आलेखावरचे ठिपके पाहतो, कोअर ठेवायच्या रॅकजवळ हवा किती दमट आहे ते पाहतो, आणि लिहिलेले व होत असलेले यांत फरक दिसला तर आधी लिहिलेले चुकले आहे का ते तपासतो. बऱ्याचदा लिहिलेलेच चुकलेले असते.

सध्या आमच्याकडे मिलवर वाळूची कॉम्पॅक्टॅबिलिटी आपोआप मोजून पाणी सोडणारे यंत्र बसवण्याची चर्चा चालू आहे. ते बसले तर अण्णांच्या जागी आलेल्या मुलाला व्हॉल्व्हही नसेल आणि आलेखही भरावा लागणार नाही. यंत्र घ्यावे या मताचा मी आहे, कारण तिसऱ्या पाळीत ते झोपणार नाही. मात्र प्रस्तावाला मी एक टीप जोडली आहे, की प्रत्येक पाळीत एकदा त्या मुलाने वाळू मुठीत दाबून आपला अंदाज आधी लिहायचा आणि मगच यंत्राचा आकडा पाहायचा. खरेदी विभागाने विचारले आहे, की या टिपेचा यंत्राच्या किमतीशी काय संबंध. संबंध काही नाही, असे मी कळवले आहे, आणि टीप तशीच ठेवली आहे.